घरातलं वडीलधारं माणूस पडण्याने गेलं, तर मृत्यूची नोंद कशी होते आणि ती नीट कशी करून घ्यायची

आमच्या गल्लीतल्या आजी पहाटे पावणेपाचला उठून मोरीकडे निघाल्या. रात्री पाणी आलं होतं, हंडे-कळशा भरून ठेवलेल्या होत्या आणि मोरीच्या उंबऱ्याशी शहाबादी फरशी ओली होती. पाय सरकला, त्या डाव्या कुशीवर आपटल्या. खुब्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑपरेशन झालं आणि ते चांगलंच झालं. बाराव्या दिवशी आजी घरी आल्या, पण अंथरुणातून उठणं काही जमलं नाही. छातीत कफ भरला, ताप चढला, दुसऱ्या एका दवाखान्यात ॲडमिट केलं, आणि पडल्यापासून चोविसाव्या दिवशी त्या गेल्या.

महिन्याभराने त्यांचा मुलगा कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर ओळीने लिहिलं होतं: सेप्टिक शॉक (म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळणं), न्यूमोनिया, मधुमेह. मोडलेल्या खुब्याचा उल्लेख नव्हता, ओल्या फरशीचा तर नव्हताच. त्याने एवढंच विचारलं, "मॅडम, आई पडली नसती तर आज असती ना हो?"

असत्या.

तालुक्याच्या गावात मी एकतीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करते आहे. सुरुवातीच्या काळात मीसुद्धा 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट', म्हणजे हृदय आणि श्वास थांबला, एवढंच लिहून सही केलेली आहे, आणि त्यातले दोन-तीन चेहरे अजून डोळ्यांसमोर येतात. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. घरच्यांसाठी तर आहेच, नव्याने सही करायला लागलेल्या डॉक्टरांसाठीही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडण्यामुळे दगावतात. अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच नंबर लागतो, आणि पडून दगावणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसं सर्वांत जास्त. आपल्याकडे मात्र चार घरी विचारलं तर 'आजोबा पडले आणि मग गेले' हे सगळे सांगतात, आणि कागदावर बघावं तर न्यूमोनिया, हार्ट फेल, नाहीतर नुसतं 'वार्धक्य'. पडणं आणि जाणं यांच्यात पंधरा-वीस दिवस गेले की पहिला धागा सुटतो. तो कुठे कुठे सुटतो आणि कसा धरून ठेवायचा, ते पुढे सांगते.

दाखला वेगळा, कारणाचं प्रमाणपत्र वेगळं

बहुतेकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ खाली मृत्यूचे तीन निरनिराळे कागद असतात. पहिला मृत्यूची खबर देणारा, म्हणजे फॉर्म २. यात नाव, वय, पत्ता, मृत्यूची तारीख, ठिकाण ही माहिती असते. दुसरा डॉक्टरांनी द्यायचा, मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर फॉर्म ४, घरी किंवा अन्यत्र झाला असेल तर फॉर्म ४-ए. तिसरा कागद म्हणजे बँकेत, तलाठ्याकडे, पेन्शनच्या कचेरीत लागतो तो मृत्यूचा दाखला, फॉर्म ६.

या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं, आणि ते नसणं कायद्यानेच ठरवलेलं आहे. अधिनियमाच्या कलम १७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की नोंदवहीचा उतारा देताना त्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. त्यामुळे दाखला हातात आला की घरच्यांना वाटतं, काम झालं. कारणाच्या रकान्यात काय लिहून गेलंय हे त्यांना कधी कळतच नाही. ते कळतं ते विम्याचा दावा अडकल्यावर.

२०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे. त्यानुसार रुग्णालयाने कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाकडे, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचं आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यायची. ही प्रत मागून घ्या. तुमच्या हक्काची आहे आणि तिचे पैसे पडत नाहीत. डिस्चार्जच्या गडबडीत, ॲम्ब्युलन्स दारात उभी असताना हे कुणाला सुचत नाही, म्हणून घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाकडे, पुतण्याकडे, जावयाकडे हे काम सोपवावं.

पडल्याच्या दिवशीच करायचं काम

मृत्यूची नोंद नीट होण्याची सुरुवात माणूस जिवंत असताना होते. ऐकायला कठोर वाटेल, पण पडल्याची हकीकत लिहिलेला कागद उपचारालाही तितकाच उपयोगी आहे. वहीच्या पानावर पाच ओळी लिहा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे (मोरी, जिना, ओटा, पलंग, अंगण, बसची पायरी), कसे पडले (पाय घसरला, कशाला तरी अडखळले, चक्कर आली, पलंगावरून उतरताना तोल गेला), आणि अंगाचा कुठला भाग आपटला. पडताना कुणी पाहिलं असेल तर त्याचं नाव. डोक्याला मार लागला की नाही हे वेगळं लिहा. 'थोडंसंच लागलं' असं म्हातारी माणसं म्हणतात. त्यांच्या 'थोडंसं'वर विसंबू नका.

डोक्याचं का म्हणते, ते सांगते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले एक आजोबा ओट्याच्या पायरीवरून पडले. कपाळाला टेंगूळ आलं, हळद लावली, दुसऱ्या दिवशी पारावर बसायला गेलेसुद्धा. अठराव्या दिवशी बोलणं अडखळायला लागलं, मग गुंगी. घरच्यांना वाटलं, पॅरालिसिसचा झटका. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळत गेलं होतं. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसलेला असतो, आवरणाखालच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, त्यामुळे लहानशा धक्क्यानेही त्यातून रक्त झिरपत राहतं आणि त्रास दिसायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. सीटी झाला नसता तर कागदावर 'ब्रेन स्ट्रोक' आलं असतं, म्हणजे नैसर्गिक मृत्यू. ओट्याच्या पायरीची आठवण कुणी काढलीही नसती.

रुग्णालयात गेल्यावर पहिल्याच वाक्यात 'पडले' हा शब्द आला पाहिजे. अपघाती इजा असेल तर डॉक्टर एम.एल.सी. करतात, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून नोंद करून पोलीस चौकीला कळवतात. या तीन अक्षरांना लोक फार घाबरतात. 'पोलिसांचं लचांड नको, घरातच तर पडल्यात, तुम्ही साधंच लिहा' अशी गळ मला दर महिन्याला कुणी ना कुणी घालतं. एम.एल.सी. म्हणजे गुन्हा नव्हे, सुनेवर किंवा मुलावर ठेवलेला ठपकाही नव्हे. अमुक इजा अमुक दिवशी अशा तऱ्हेने झाली, अशी दिनांक घातलेली साक्ष आहे ती. पुढे महिन्याने काही बरंवाईट झालं तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

दवाखाना बदलताना आधीचं डिस्चार्ज कार्ड आणि एम.एल.सी. क्रमांक सोबत न्या. गल्लीतल्या आजींच्या बाबतीत नेमका इथेच धागा तुटला. दुसऱ्या दवाखान्यात 'काय होतंय?' विचारल्यावर घरच्यांनी 'ताप आणि दम' सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खुब्याचं ऑपरेशन चौदा दिवसांपूर्वी झालं होतं हे सांगायचं राहून गेलं, आणि केसपेपरच्या पहिल्या पानावर जे नसतं ते शेवटच्या पानावरही येत नाही.

फॉर्म ४: खरी नोंद इथे होते

फॉर्मचा गाभा म्हणजे भाग १ आणि भाग २. भाग १ मध्ये अ, ब, क अशा तीन ओळी असतात. अ मध्ये तात्काळ कारण लिहायचं. ब मध्ये ते कशामुळे झालं ते, आणि क मध्ये ब कशामुळे झालं ते. शिडीवरून खाली उतरावं तसं मागे मागे जायचं आणि सगळ्यात खालच्या पायरीवर मूळ कारण येऊन थांबलं पाहिजे. प्रत्येक ओळीसमोर कालावधीचा रकाना असतो: ते सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला. भाग २ मध्ये साखळीत न बसणारे, पण मृत्यूला हातभार लावणारे आजार.

मूळ कारणाची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या डॉक्टरमंडळींनी पाठ करून ठेवावी अशी आहे. मृत्यूकडे नेणारी साखळी ज्या आजाराने किंवा इजेने सुरू झाली ते मूळ कारण. आणि इजा असेल, तर ती प्राणघातक इजा ज्या अपघाताने झाली त्या अपघाताची परिस्थिती हे मूळ कारण. म्हणजे इजेच्या मृत्यूत 'खुब्याचं हाड मोडलं' इथे थांबून चालत नाही. ते मोडलं कसं, तेही लिहावं लागतं.

आजींचा फॉर्म असा हवा होता:

भाग १
अ) न्यूमोनिया — ५ दिवस
ब) डाव्या खुब्याच्या हाडाचं फ्रॅक्चर, शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळणं — २४ दिवस
क) राहत्या घरी मोरीत ओल्या फरशीवरून घसरून पडणं — २४ दिवस
भाग २
मधुमेह १५ वर्षं, हाडांचा ठिसूळपणा

सेप्टिक शॉक यात का नाही? आपल्या फॉर्मला ओळी तीनच आहेत. वरच्या ओळीत शॉक लिहिला की न्यूमोनिया खाली सरकतो, फ्रॅक्चर तिसऱ्या ओळीत जातं आणि पडणं पानाबाहेर. मी अनेक फॉर्म पाहिलेत, त्यात बहुतेक वेळा हेच घडतं. कुणी मुद्दाम लपवत नाही, जागा संपते. म्हणून तरुण डॉक्टरांना माझं सांगणं असतं की फॉर्म खालून वर भरा. आधी क ओळीत पहिली घटना लिहा, मग वर चढत या. शेवटच्या टप्प्याचे तपशील एकत्र करता येतात, पहिल्या घटनेला मात्र पर्याय नसतो.

'हार्ट फेल', 'श्वास बंद पडला', 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' यांना अ ओळीत जागा नाही. फॉर्मवरच छापलेलं असतं की मरणाची रीत लिहू नका, कारण लिहा. प्रत्येकाचंच हृदय शेवटी थांबतं.

याच फॉर्मवर खाली मृत्यूचा प्रकार विचारलेला असतो: नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या, खून, की तपास प्रलंबित. आणि पुढे एक प्रश्न, इजा कशी झाली? हा रकाना कोरा सोडलेला फॉर्म मला सर्वांत जास्त छळतो. वर 'हेड इंज्युरी' आणि खाली कोरं. गाडीने उडवलं, जिन्यावरून पडले की कुणी मारलं, काहीच कळायला मार्ग नाही. चार-पाच शब्द पुरतात: 'घराच्या जिन्यावरून तोल जाऊन पडले'.

एक खरी अडचण इथे मान्य करायला हवी. आधी पडणं की आधी आजार, हे दर वेळी सरळ नसतं. हृदयाचा झटका येऊन माणूस कोसळला आणि कपाळाला खोक पडली, तर मृत्यू पडण्याचा नव्हे, झटक्याचा. हाडात कॅन्सर पसरला होता, हाड आपोआप मोडलं आणि म्हणून आजोबा खाली बसले, तर मूळ कारण कॅन्सर. उलट, चक्कर येऊन पडले, डोकं आपटलं आणि मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तर साखळीत पडणं आलंच पाहिजे. इथे डॉक्टरच्या अंदाजाला पडताना पाहिलेल्या माणसाच्या दोन वाक्यांचा आधार लागतो. 'आधी डोळे पांढरे केले आणि मग पडल्या' की 'पाय सरकला तेव्हा "अगं बाई" म्हणाल्या आणि मग पडल्या', एवढ्याशा फरकावर मूळ कारण बदलतं. म्हणून वहीतल्या त्या पाच ओळी.

रुग्णालयात मृत्यू झाला तर नातेवाईकाने फॉर्म भरणाऱ्या डॉक्टरांना, ते भरायच्या आधी, शांतपणे एवढंच सांगावं: "डॉक्टर, हे सगळं अमुक तारखेला पडल्यापासून सुरू झालं. तेवढं कारणात येईल असं बघाल का?" डॉक्टरने काय लिहावं हे आपण ठरवायचं नाही. पण माहिती देणं आपलं काम, आणि रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला चोवीस दिवसांपूर्वीचं ठाऊक असेलच असं नाही.

घरी मृत्यू झाला तर

फॉर्म ४-ए शेवटच्या आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. ज्याने माणसाला कधी पाहिलंच नाही त्याने शेजारधर्म म्हणून सही करू नये. आणि पडण्याची इजा साखळीत असेल, तर मृत्यू नैसर्गिक नाही. फॅमिली डॉक्टरने सही करून स्मशानात पाठवण्याऐवजी पोलिसांना कळवायला हवं. मी हे करते आणि त्यामुळे दोन घरांशी माझे संबंध कायमचे दुरावले. त्यांचं दुःख मला कळतं. अंगणात माणसं जमलेली असतात, तिरडी बांधायला घेतलेली असते, अशा वेळी पोलीस पाटलांना बोलवा म्हणणारी डॉक्टर कुणाला आवडेल? पण 'वार्धक्याने निधन' लिहून मोकळं होणं म्हणजे खोट्या कागदावर सही करणं.

पोलिसांकडे काय होतं ते थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १९४ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ च्या जागी, पोलीस अपघाती मृत्यूची चौकशी करतात. आपल्याकडे याला अकस्मात मृत्यू, बोलीत 'ए.डी.', म्हणतात. पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा होतो. अंगावरच्या खुणा, पडल्याची जागा, नातेवाईकांचा जबाब लिहिला जातो. माणूस एका गावात पडला आणि दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात गेला, तर रुग्णालयाच्या हद्दीतलं ठाणं शून्य क्रमांकाने, म्हणजे स्वतःचा अनुक्रमांक न देता, नोंद करून कागद मूळ ठाण्याकडे वर्ग करतं. यात वेळ जातो, हे आधीच लक्षात ठेवा.

जबाब देताना तारीख, वेळ आणि जागा नेमकी सांगा, आणि लिहिलेलं वाचून मगच सही करा. 'काही दिवसांपूर्वी घरात पडल्याने' असं ढोबळ वाक्य असेल तर 'अमुक तारखेला पहाटे पावणेपाचला मोरीत घसरून' असं लिहायला सांगा. हवालदार कुरकुरत नाहीत, फक्त विचारावं लागतं.

पोस्टमॉर्टेम टाळावं म्हणून घरचे डॉक्टरांच्या विनवण्या करतात. ते माफ करणं उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या हातात नसतं. शवविच्छेदनाला पाठवायचं की नाही, हा निर्णय तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. पोस्टमॉर्टेम झालं तर कारणाचं प्रमाणपत्र ते करणारे डॉक्टर देतात. त्यांच्यापुढे देह असतो, इतिहास नसतो. अहवालात 'डोक्याला झालेली इजा' एवढंच येतं, कारण जिन्याची पायरी काही देहावर दिसत नाही. तेव्हा डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणि पडल्याची हकीकत पंचनाम्याच्या कागदांसोबत जाईल असं बघा. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला असेल तर अंतिम कारण रासायनिक तपासणीनंतर कळतं, आणि तोवर फॉर्मवर 'तपास प्रलंबित' राहतं. पुढे अहवाल येतो, पण नोंदवहीतलं 'प्रलंबित' बदलायला कुणी जात नाही. अहवाल आला की त्याची प्रत घेऊन निबंधकाकडे तुम्हीच जा.

नोंदणी आणि मुदती

मृत्यू जिथे झाला तिथे नोंदवायचा, माणूस राहत होता तिथे नव्हे. गावात पडून पुण्यात गेले तर नोंद पुणे महापालिकेत. रुग्णालयात झालेल्या मृत्यूची खबर रुग्णालय देतं, घरी झालेल्याची कुटुंबप्रमुखाने द्यायची. खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक. मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, ३० दिवसांपासून वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांच्या लेखी परवानगीने, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने नोंद होते. घरी झालेल्या मृत्यूत ग्रामपंचायतीत कुणी तोंडी 'म्हातारपण' सांगून टाकतं आणि तेच वहीत चढतं. खबर द्यायला जाणाऱ्याला काय सांगायचं ते घरातून ठरवून पाठवा.

एवढ्याचं पुढे काय होतं

फॉर्म ४ वरची वाक्यं संख्याशास्त्राच्या कचेरीत आकड्यांत बदलली जातात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पडण्यासाठी डब्ल्यू ०० ते डब्ल्यू १९ हे कोड आहेत. घसरून-अडखळून पडणं डब्ल्यू ०१, पलंगावरून डब्ल्यू ०६, जिन्यावरून डब्ल्यू १०, आणि कसे पडले ते लिहिलंच नसेल तर डब्ल्यू १९. फक्त 'खुब्याचं फ्रॅक्चर' लिहिलं आणि पडणं लिहिलं नाही, तर कोड देणारा स्वतःच्या मनाने 'पडले असतील' असं धरू शकत नाही. ती नोंद एक्स ५९ मध्ये जाते, म्हणजे इजा कशाने झाली ते सांगितलेलं नाही. आणि फ्रॅक्चरही लिहिलं नाही तर न्यूमोनियात.

शिवाय भारतात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू २०२० साली जेमतेम साडेबावीस टक्क्यांच्या आसपास होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग अपघाती मृत्यूंचा वार्षिक अहवाल काढतो, त्यात 'पडणे' हा गट आहे. पण तो पोलिसांच्या नोंदींवर बेतलेला. त्यात उंचावरून पडणं, खड्ड्यात-मॅनहोलमध्ये पडणं दिसतं. मोरीत घसरून महिन्याने गेलेली आजी त्यात येण्यासाठी आधी ए.डी. नोंदवली गेलेली असायला हवी. म्हणजे एकाच मृत्यूला दोन वह्यांत जागा आहे, आणि दोन्हींतून तो निसटू शकतो. मोरीत धरायचा दांडा, जिन्याला कठडा, सरकारी दवाखान्यात हाडांची तपासणी, यांसाठी पैसा मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, 'आकडा काय?'

पैशाचा प्रश्न

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्ता आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, पण वयाच्या ७० वर्षांपर्यंतच. शेतकरी कुटुंबांसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिची वयोमर्यादा १० ते ७५ आणि मदत २ लाखांची, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत. पन्नाशीच्या माणसाइतकाच पासष्टीच्या वडिलांचा हक्क आहे, हे बऱ्याच घरांना ठाऊकच नसतं. दोन्हीकडे मृत्यूचा दाखला पुरत नाही, कारण त्यावर कारण नाही. पोलिसांचे कागद, पंचनामा, पोस्टमॉर्टेम अहवाल मागतात. बऱ्याच खासगी अपघात पॉलिसींत अपघातापासून १२ महिन्यांत झालेला मृत्यू धरतात, म्हणजे पडल्यानंतर महिन्याने मृत्यू झाला तरी दावा करता येतो. मात्र साखळी कागदावर दिसली पाहिजे.

चुकीची नोंद झाली असेल तर

अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे चुकीची नोंद निबंधक दुरुस्त करू शकतात. पण मृत्यूचं कारण निबंधक स्वतःच्या अधिकारात बदलत नाहीत. आधी प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरने सुधारित प्रमाणपत्र द्यावं लागतं, पोस्टमॉर्टेम झालेलं असेल तर तो अहवाल लागतो. डॉक्टरकडे भांडायला जाऊ नका, कागद घेऊन जा. पहिल्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, एम.एल.सी. क्रमांक, ऑपरेशनची नोंद तारखेच्या क्रमाने लावा आणि वर एका पानावर घटनाक्रम लिहा.

आजींच्या मुलाने तेच केलं. पहिल्या रुग्णालयाच्या केसपेपरवर भरतीच्या दिवशीच 'घरी मोरीत घसरून पडल्या' असं लिहिलेलं होतं. ते एक वाक्य सगळ्यात कामाला आलं. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते वाचलं, थोडा वेळ गप्प बसले आणि नवा फॉर्म मागवला. पोलीस ठाण्यालाही कळवावं लागलं, जबाब झाला. अग्निसंस्कार होऊन गेले होते, त्यामुळे शवविच्छेदनाचा प्रश्नच उरला नव्हता. विम्याचं काही मिळणार नव्हतं, आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. तरी तो सात आठवडे हेलपाटे घालत राहिला.

अशा दुरुस्तीत मूळ नोंद खोडत नाहीत. ती तशीच ठेवून शेजारी समासात नवी नोंद करतात, खाली निबंधकांची सही आणि तारीख. त्याने मला ती पाहिलेली जागा सांगितली, पानाच्या डाव्या कडेला, निळ्या शाईत. परवा त्यांच्या घरी गेले तेव्हा मोरीच्या उंबऱ्याशी भिंतीत स्टीलचा दांडा बसवलेला होता आणि आजोबा तो धरून आत जात होते.